डाव्या पायाची चप्पल

धुळामामा माणसाच्या तोंडाकडं पाहत न्हाईत, पायाकडं पाहतात. तुम्ही दारात आले की वाकून तुमची डाव्या पायाची चप्पल उचलतात, घोंगडीत गुंडाळतात आन् त्या घोंगडीवर बसतात. उजवी दाराशीच राहू देतात. का? तर म्हणे, "एका चपलीनं माणूस दारूच्या दुकानापस्तोर जात न्हाई, लेकरा."

हे चालतं भोकरदनला, बाजाराच्या मागल्या एका खोलीत. दर गुरुवारी संध्याकाळी तिथं दारू सोडलेली आन् सोडून पाहणारी माणसं बसतात. आडनाव कुणी इचारत न्हाई. चहा भेटतो. मामा धनगर. सगळी उमर मेंढरामागं गेली, म्हणून आमाला बी ते मेंढरातच धरतात. सगळे आले की म्हणतात, "झाला कळप. बसा." कुणी रडाया लागला की, "भिजलंय बिचारं. वाळू द्या."

मी तिथं कसा पोचलो ते बी सांगतो. मी लग्नाच्या बँडात ढोल वाजवतो. राजूरच्या एका लग्नात नवरदेव पाया पडायला घोड्यावरून उतरला आन् मी चढलो. वरात मलाच घेऊन मांडवापस्तोर गेली. नवरीची आई ववाळायला ताट घेऊन पुढं आली, तवा कुठं लोकाला कळलं. सगळे हसले. मी बी हसलो. बायको हसली न्हाई. पोरीला घेऊन हसनाबादला माहेरी निघाली. जाताना म्हणली, "त्या मीटिंगला बसाल तवाच येईन. न्हाईतर घोड्यासंग संसार करा."

आता मीटिंग कुठं भरती हे इचारावं कुणाला? चांगल्या माणसाला इचारायची लाज. मंग जिथं आपली वळख हाय तिथंच गेलो, दारूच्या दुकानात. दुकानदार चिडूनच बोलला, "आता तू बी? माझे सगळे जुने गिऱ्हाईक त्या खोलीनं नेले! बाजाराच्या मागं जाय. जिथं नुसत्या उजव्या पायाच्या चपला दिसतील, तिथं घुस."

मला पाटी वाचता येत न्हाई, पण चपला वाचता येतात. बराबर पोचलो.

मामानं डावी चप्पल काढून घेतली. मी मनात म्हणलं, काय नमुना हाय! पण थोड्या वेळानं घाम सुटला, घसा कोरडा पडला, हात आपोआप ढोल वाजवायला लागले. हळूच म्हणलं, "मामा, लघवीला जाऊन येतो. चप्पल द्या."

"भिंतीपस्तोर जायला चप्पल कशाला? अनवाणी जाय."

"काटा मोडंल ना."

"मोडू दे. मी काढतो."

"मामा, तुम्ही चप्पलचोर हाव का हो?"

"कोकरू बांधून ठेवलं की मेंढी कुठं जाती? हिंडून हिंडून इथंच येती. बस खाली."

सगळी खोली हसली. मी बसलो.

मीटिंग संपली की मामा एकेकाची चप्पल आपल्या हातानं त्याच्या पायाशी ठेवतात. माझ्या पायाशी वाकले तसा मी मागं सरकलो. "मामा, पाप लागंल मला."

"पुढच्या गुरुवारी ये, फिटंल."

घरात मला कुणी पाणी देईना, आन् हा म्हातारा माझी चप्पल धोतरानं पुसून देऊन राह्यला! म्हणून गेलो पुढच्या गुरुवारी. मंग जातच राह्यलो. लग्नसराई आली तशी मी घोड्यापासून लांबच चाललो. बँडचा मालक म्हणला, "लक्ष्मण, तू पहिल्यापेक्षा वाईट वाजवतो. पण उभं राहून वाजवतो." बायको आली. दारात तिनं आधी माझ्या पायाकडं पाहिलं, दोन्ही चपला हायत का ते; पिऊन आलो की एक रस्त्यातच राहायची. मंग पोरीची पिशवी आत ठेवली.

परवाच्या गुरुवारी मी खोलीत सगळ्यात आधी गेलो. मामानं माझी चप्पल उचललीच न्हाई.

"मामा, माझं काही चुकलं का?"

"न्हाई रे. तुला आता बांधायची गरज न्हाई."

तेवढ्यात घोंगडीकडं ध्यान गेलं. कुणी आलं नव्हतं, तरी तिच्यात एक चप्पल होती. डावीच. जुनी, वाळून कडक झालेली, अंगठा शिवलेला.

"ही कुणाची?"

"संतोषची. माझ्या पोराची." मामा घोंगडीच्या काठाच्या दशा सरळ करत राह्यले. "मीच धरून इथं आणलं व्हतं त्याला. चप्पल काढून घेतली. म्हणलं, एका चपलीनं कुठं जातो? तर गेला. एका चपलीनंच गेला. लोक म्हणतात, संभाजीनगरला दिसतो."

"आन् तुम्ही कधी सोडली मामा?"

"मी कुठं पेत व्हतो?"

"मंग इथं कशाला येता?"

"ह्याच दारातून गेला ना. हिंडून हिंडून इथंच यील. तवा पायात घालायला पाह्यजे का न्हाई त्याला?"

मी खाली वाकलो. माझी डावी चप्पल काढली आन् घोंगडीत त्या चपलीला खेटून ठेवली.

"तुला म्हणलं ना, गरज न्हाई."

"मला न्हाई हो मामा. तिला एकटीला करमत नसंल."

मामानं मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझं तोंड नीट पाहिलं.

मंग म्हणले, "लेका, तू तं दिसतो बी मेंढरासारखाच."