वाचनालयाच्या फोनवर कवळी

वाचनालयाचा फोन वाजला तेव्हा चिटणीस एका सभासदाकडे डोळे वटारून बघत होते. तो सभासद वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पेनाने सोडवत होता. असं करू नये, अशी पाटी चिटणिसांनी स्वतःच्या हाताने रंगवून भिंतीवर लावली होती. तिच्या शेजारी त्यांचीच दुसरी पाटी होती: 'वाचनालयाचा फोन खासगी कामासाठी नाही.'

फोनचा रिसीव्हर बिघडून बरेच दिवस झाले होते. कार्यकारिणीने दुरुस्तीचा ठराव एकमताने मंजूर केला होता, त्यामुळे दुरुस्ती झाली नव्हती. फोन घ्यायचा तर स्पीकरवरच घ्यावा लागे. चिटणिसांनी बटण दाबलं आणि एका गोड बाईच्या आवाजाने ती शांत खोली भरून गेली.

"नमस्कार. आपली कवळी तयार आहे. कृपया दवाखान्यातून घेऊन जावी. धन्यवाद."

चिटणिसांची जीभ आपोआप टाळूला लागली. कवळी जागच्या जागी होती. त्यांनी ती केव्हाच घरी आणली होती आणि आत्ताही ती त्यांच्या तोंडातच होती.

दवाखान्यात वाचनालयाचा नंबर त्यांनीच दिला होता. घरचा दिला असता तर सुनेला कळलं असतं, आणि 'आमचे दात अजून अस्सल आहेत' असं ते घरात इतक्यांदा सांगून बसले होते की आता माघार घेणं शक्य नव्हतं. वाचनालयातला फोन तर आपणच उचलतो, मग कोणाला कळणार, असा त्यांचा साधा हिशोब होता.

"कोणाची हो कवळी?" कोपऱ्यातून वकिलांनी विचारलं. वकील कोर्टातून निवृत्त झाले होते, उलटतपासणीतून नाही.

"राँग नंबर," चिटणीस म्हणाले.

थोड्या वेळाने राँग नंबर परत आला. पुन्हा तोच गोड आवाज, तेच आर्जव. दुसऱ्या दिवशी तर चहा निवायच्या आत फोन परत वाजू लागला. "घेतली हो बाई, घेतली," असं चिटणिसांच्या अगदी ओठावर आलं, पण गिळावं लागलं. संताप असा की तळपायाची आग मस्तकात गेलेली, आणि चेहरा मात्र ग्रंथपालाला शोभेल असा. एका माणसाने एकदा आणलेली वस्तू त्याने कितीदा आणावी, याला काही धरबंध?

सभासद आता पुस्तकं सोडून एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. कोणी हसलं की बाकीचे वाकून बघत. निवृत्त स्टेशनमास्तरांनी तर हसणंच सोडलं. शेवटी वकील उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "सार्वजनिक फोन खासगी दातांसाठी वापरणं हा गैरवापर आहे. शनिवारी कार्यकारिणीची सभा बोलवा, चिटणीस. ज्याने हा नंबर दिला असेल त्याला शोधून काढू. पदावर असला तर त्याने पद सोडावं. नियम तुमचाच आहे."

नियम त्यांचाच होता, हेच तर दुखणं होतं. नोकरी संपल्यावर चिटणिसांजवळ उरली होती ती ही एक खुर्ची. इथे लोक त्यांना विचारल्याशिवाय पंखा लावत नसत. ही खुर्ची गेली तर सकाळी उठून दाढी तरी कशाला करायची, हा विचार त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा आला.

घरी जेवताना त्यांनी तोंड उघडलं. "आमच्या वाचनालयात कोणाची तरी कवळी आहे म्हणे. दवाखान्याचा फोन सारखा येतोय. निर्लज्ज यंत्र आहे. ज्याने बनवलं त्याला फोनपुढे बसवून दिवसभर तेच ऐकवायला हवं."

सुनेने घास खाली ठेवला. "कुठला दवाखाना, बाबा?"

त्यांनी सांगितलं. सून पाण्याचा पेला उचलून बराच वेळ पाणी पीत राहिली. ती एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिते एवढंच त्यांना माहीत होतं. कसले, ते विचारायची गरज त्यांना कधी वाटली नव्हती.

"तो फोन लावणारा प्रोग्रॅम मी लिहिलाय, आत्ताच कुठे सुरू झालाय," ती म्हणाली. "आणि तो बरोबर आहे. पाठवणारा प्रोग्रॅम निरोप क्लाउडमधल्या एका रांगेत टाकतो. घेणारा प्रोग्रॅम तो उचलतो आणि फोन लावतो. यात चुकणार काय?"

"मग तोच निरोप परत परत कसा येतो?"

"उचलला म्हणून निरोप रांगेतून जात नाही, बाबा. थोडा वेळ नुसता झाकला जातो. फोन झाला की प्रोग्रॅमने रांगेला सांगायचं, हा झाला, काढून टाक. नाही सांगितलं तर रांगेला वाटतं काम राहिलंय, आणि ती निरोप परत पुढे करते."

"म्हणजे सभासदाने पुस्तक परत केलं आणि आम्ही ते खोडलंच नाही, तर आम्ही त्याला जन्मभर आठवण करत बसू. तसंच ना?"

"तसंच. पण ती काढून टाकायची ओळ मी लिहिलीये. दाखवते." ती तावातावाने लॅपटॉप घेऊन आली, ओळीवर बोट ठेवलं, आणि बोट तिथेच राहिलं. "लिहिलीये," ती हळूच म्हणाली, "पण बंद आहे. चाचणी करताना दरवेळी नवा निरोप कुठून आणायचा, म्हणून मीच ती बंद करून ठेवली होती. तोच निरोप परत परत मिळायचा, बरं पडायचं."

"तुला बरं पडायचं," चिटणीस कडाडले, "आणि तिकडे माणसाची अब्रू चव्हाट्यावर."

"कोणाची?"

"कोणाचीही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"जाऊ द्या हो बाबा. हसतील त्यांचे दात दिसतील."

हे चिटणिसांना मुळीच आवडलं नाही. तिने ओळ सुरू केली आणि म्हणाली, "आता रांगेत अडकलेला प्रत्येक निरोप उद्या शेवटचा एकदा जाईल आणि कायमचा जाईल. पुन्हा फोन आला तर मला सांगा."

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. चिटणिसांनी तो शांतपणे ऐकला आणि मनातल्या मनात कवळीला निरोप दिला. तेवढ्यात फोन परत वाजला. मग परत. वाचनालय बंद होईपर्यंत तो सहा वेळा वाजला, आणि चिटणीस घरात शिरले ते चप्पल न काढताच.

"एकदाच म्हणाली होतीस ना? सहा वेळा. सहा. वर लॅपटॉप उघडून मला शिकवत होतीस."

आता सूनही चिडली. "ओळ मी समोर बसून तपासलीये. एक निरोप एकदाच जातोय." तिने पुन्हा पडदा उघडला, वरखाली केला आणि थांबली. "बाबा, फोन सहा आले कारण निरोप सहा आहेत. पेशंटही सहा. नावं मला दिसत नाहीत, ती दवाखान्याकडे असतात. पण सहाही जणांनी दिलेला नंबर एकच आहे. तुमच्या वाचनालयाचा."

चिटणीस खुर्चीत बसले. वाचनालयाचा नंबर पाठ असलेले लोक म्हणजे कार्यकारिणी, आणि तिच्यात चिटणीस धरून सातजण होते. एकेक तोंड त्यांच्या डोळ्यांसमोरून जाऊ लागलं. स्टेशनमास्तर. खजिनदार. अध्यक्ष, जे गेले काही दिवस मिशीआडून बोलत. सगळे एकाच माळेचे मणी, आणि आपण एकटेच चोरासारखे वावरत होतो याचा त्यांना आता नव्याने संताप आला.

शनिवारी वकिलांनी ठराव मांडला. आवाज असा चढवला होता की वर्तमानपत्रं फडफडावीत. दोषी सभासदाचा शोध घ्यावा आणि त्याने राजीनामा द्यावा.

"योग्य आहे," चिटणीस म्हणाले. "शोध सोपा आहे. मी उद्या दवाखान्यात जातो आणि आपल्या फोनवर कोणाकोणाचे निरोप येतात ते विचारून येतो. सगळी नावं घेऊन येतो."

स्टेशनमास्तरांना खोकला आला. खजिनदार पंख्याकडे बघू लागले. अध्यक्षांनी मिशीआडून, विषय किरकोळ आहे, असं मत नोंदवलं, आणि ठराव एकमताने मागे घेण्यात आला. एकमतात वकीलही होते.

सभा संपली. चिटणीस कपाटांना कुलपं लावत होते तेव्हा वकील मागे रेंगाळले. दाराबाहेर कोणी नाही याची खात्री करून ते टेबलाशी आले आणि खाली वाकून म्हणाले, "चिटणीस, तुमची नीट बसली का हो? माझी फार टोचते."

या माणसाने आपली झोप उडवली, आपली खुर्ची मागितली. सुनावण्यासारखं चिटणिसांजवळ पुष्कळ होतं आणि त्यासाठी त्यांनी तोंड उघडलंही. पण वकिलांचा गाल खरंच सुजला होता.

"डावीकडून जरा घासून घ्या," ते म्हणाले. "मीही घेतली."