वाडग्यासकट बटाटा

"वजनाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये!"

शनिवारी सकाळी निरीक्षकसाहेबांनी दारात उभं राहून हे जाहीर केलं. समोर त्यांची बायको हातात पिशवी घेऊन, एका पायात चप्पल घालून उभी होती. दुसरी घालावी की नाही, हे तिचं ठरत नव्हतं.

तिचं काही चूक नव्हतं. त्यांच्या नऊ वर्षांच्या लेकीला, ठकीला, दोन वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. तोही इन्सुलिनवाला. तेव्हापासून त्या घरात घास तोंडात जाण्याआधी वजनकाट्यावर जातो. किती ग्रॅम अन्न, त्यात किती कर्बोदकं, त्याला किती इन्सुलिन, हे त्रैराशिक दिवसातून चार वेळा! शिवाय झोपेतून उठून साखर तपासायला पोरीचं बोट टोचायचं ते वेगळंच. दोन वर्षांत आई सलग पाच तास झोपली नव्हती. परवा तर तिने किल्ली फ्रीजमध्ये ठेवली आणि दुधाची पिशवी दाराच्या खिळ्याला अडकवली. ते ऐकून तिच्या बहिणीने हुकूम सोडला, "एक दिवस माझ्याकडे ये आणि नुसती झोप!"

"अगं, माझं काम काय आहे?" साहेब म्हणाले. "वजनमापं तपासणं! अठरा वर्षं झाली. व्यापारी मला लांबून बघून काटे पुसायला लागतात. आणि मला एक बटाटा मोजता येणार नाही?"

"काही झालं तर फोन कर. मी लगेच निघते."

"काहीही होणार नाही! तू झोप!"

तिने दुसरी चप्पल घातली आणि एकदाची गेली. साहेबांनी मनोमन ठरवलं, आज तिचा फोन वाजता कामा नये.

आता माणसाने एवढ्यावर थांबावं की नाही? पण साहेबांच्या अंगात उत्साह संचारला होता. मधुमेह असलेल्या घरात साखर हवीच कशाला, असं म्हणून त्यांनी साखरेचा डबा, जॅमची बाटली आणि फ्रीजमधला फळांचा रस उचलला आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंना देऊन टाकला. ठकी सोफ्यावर चित्र काढत होती. तिने मान वर करून पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा रंगवायला लागली. दोन वर्षांत तिला एक गोष्ट कळली होती. मोठ्या माणसांचा उत्साह आपोआप ओसरतो, त्यासाठी आपली शक्ती खर्च करायची नसते.

दुपारी साहेबांनी बटाटे उकडले. जाड चिनीमातीच्या वाडग्यात काढले, काट्यावर ठेवले. तीनशे साठ ग्रॅम! भिंतीवरच्या तक्त्यात आईने लिहून ठेवलं होतं, शंभर ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात वीस ग्रॅम कर्बोदकं. म्हणजे झाली बहात्तर. त्या मानाने इन्सुलिन निघालं.

"बाबा, रोज एवढं नसतं," ठकी म्हणाली.

"रोज तुला पोटभर कुठे मिळतं?" बाबा म्हणाले. "आज बाबांनी वाढलंय!"

इन्सुलिन टोचून झालं. ठकी जेवली. जेवण झाल्यावर तिने रिकामा वाडगा उचलला आणि शांतपणे काट्यावर ठेवला. आकडा आला दोनशे दहा.

"बाबा," ती म्हणाली, "हे दोनशे दहा ग्रॅम मी कधी खाल्ले?"

साहेब काट्याकडे बघत राहिले. अठरा वर्षं! अठरा वर्षं या गृहस्थांनी गावभर एकच गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, आधी भांड्याचं वजन वजा करा! त्यावरून माणसांना नोटिसा दिल्या होत्या, एका हलवायाला रडवलं होतं. आणि आज पोटच्या पोरीला वाडग्याचं इन्सुलिन देऊन बसले होते. जास्तीच्या इन्सुलिनने पोरीची साखर धाडकन उतरणार होती. ते खरोखर घाबरले.

"आईला फोन नको करू," ठकी म्हणाली. "नर्सताईंना कर."

दवाखान्यातल्या नर्सताईंनी सगळं ऐकून घेतलं. "घाबरू नका. बेचाळीस ग्रॅम कर्बोदकं अजून पोटात जायला हवीत. आधी पटकन चढणारं गोड द्या, मग बाकीचं. दर पंधरा मिनिटांनी तपासा. रक्तातली साखर सत्तरच्या खाली गेली तर तडक इकडे घेऊन या."

गोड! साहेब एका वेळी दोन पायऱ्या चढत वर धावले. काकूंच्या दाराला भलंमोठं कुलूप. तसेच खाली आले, ठकीला उचललं, तिची तपासणीची पिशवी गळ्यात अडकवली आणि जिना उतरायला लागले.

"बाबा, मी चालते ना."

"बोलू नकोस! ताकद राखून ठेव!"

"पण बाबा, माझ्या खिशात..."

"बोलू नकोस म्हटलं ना!"

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने समोरून वजनमापं निरीक्षक धावत येताना पाहिला. घामाघूम, डोळे विस्फारलेले, काखेत एक मूल! त्याने कडाकड शटर ओढलं. साहेबांनी खालून पाय घातला, शटर वर ढकललं आणि ठकीला आत पोत्यावर बसवलं.

"साखर!" साहेब ओरडले.

"साहेब, साखर बरोबर आहे हो! पुड्यावर लिहिलंय तेवढीच आहे!"

"अरे, मला साखर दे!"

"देतो ना, मोजूनच देतो! तुमच्या डोळ्यांदेखत मोजतो!"

आणि तो मोजायला लागला! आधी काटा पुसला. मग काट्यावर सरकारी शिक्क्याचं वजन ठेवून आकडा दाखवला. मग रिकामी पिशवी ठेवली. "बघा साहेब, पिशवीचं वजन आधी वजा करतो. तुम्हीच शिकवलंत."

साहेबांना शटरवर डोकं आपटावंसं वाटलं.

"बाबा," पोत्यावर बसलेली ठकी काहीतरी चावत म्हणाली, "ग्लुकोजच्या गोळ्या माझ्या खिशात असतातच. जिन्यातच सुरू केल्या, ही चौथी. सोळा ग्रॅम झाले. राहिले सव्वीस. काका, एक केळं सोलून मोजता का? सालीशिवाय."

दुकानदार आधी साहेबांकडे, मग ठकीकडे बघत राहिला. मग सगळं त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने सोनं तोलावं तशा काळजीने केळं मोजलं. आकडा कमी पडला म्हणून एक बिस्किटही मोजलं. ठकीने मन लावून दोन्ही संपवलं. आता तिच्या पोटात तिळाएवढीही जागा नव्हती, पण तिने हूं की चूं केलं नाही. साहेबांना भडभडून आलं.

तासभर तिघं दुकानातच बसून होते. पहिल्यांदा एक्क्याऐंशी. मग अठ्ठ्याऐंशी. मग एकशे आठ! दुकानदाराने हात जोडले. साहेबांना मात्र पाण्याचा पेला ठकीनेच आणून दिला.

आणि फोन वाजला. आईचा! झोप येत नव्हती तिला.

साहेबांनी खरं सांगायचं ठरवून घसा खाकरला. तेवढ्यात ठकीने फोन घेतला.

"आई, जेवण झालं. एकशे आठ आहे. तू झोप आता."

"वजन नीट केलं होतं ना?" आईचा आवाज दुकानभर ऐकू आला. "कुणी केलं?"

ठकी खोटं बोलत नसे. तिने क्षणभर बाबांकडे पाहिलं.

"शेवटी दुकानदारकाकांनी."

पलीकडून एक मोठा सुस्कारा ऐकू आला.

"हो का? मग काळजी नाही," आई म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत ढाराढूर झोपली.