इंगोलेकाकांचा समुद्र

रायपूरजवळच्या आमच्या बीरगांवात समुद्र नाही, ही गोष्ट इंगोलेकाकांना मान्यच नव्हती. रोज सकाळी फुलाफुलांचा शर्ट आणि अर्धी चड्डी घालून ते अंगणात खुर्ची टाकत, घमेल्यातल्या मिठाच्या पाण्यात पाय सोडत आणि पलीकडच्या उरला गावातल्या कारखान्यांच्या धुराड्यांकडे असे बघत, की आता तिकडून जहाजच येणार. कोणी विचारलं तर म्हणत, "प्रॅक्टिस करून राहिलो. ऐन वक्ताले पायाले दर्या नाही मानवला म्हंजे?"

रेल्वेतून रिटायर झाल्यापासून काकांच्या डोक्यात एकच भुंगा होता: म्हातारपण परदेशात काढायचं. तिकडे म्हणे पेन्शनरांना खास व्हिसा मिळतो, दरमहा ठरलेली कमाई दाखवली की झालं. देशाचं नाव दर पंधरवड्याला बदलायचं, समुद्र तेवढा कायम. "इथं काय हाय? काळी धूळ," हे पालुपद. त्यात मात्र तिळभर अतिशयोक्ती नव्हती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, पांढरी गाय सकाळी चरायला जायची आणि संध्याकाळी म्हैस होऊन परतायची. मालक दूधही म्हशीच्या भावानं विकायचा.

अडचण अशी, की नवरा-बायको दोघांनी जायचं तर कमाईची अट मोठी, आणि पेन्शन एकट्या काकांची. मग काकांनी काकूंना न विचारताच उद्योजक करून टाकलं. लिंबाचं लोणचं त्यांनी घालायचं, काकांनी दारोदार विकायचं, पैसे काकूंच्या खात्यात. भीड पडून आम्ही सगळ्यांनी ते इतकं खाल्लं, की त्या वर्षी पाऱ्यातल्या एका लग्नात वऱ्हाडी बुंदी चोखून खात होते. दात आंबलेले.

मसाला कुटताना काकू खोकायच्या. मसाला नसला तरी खोकायच्या. "मिरचीचा ठसका हाय," म्हणायच्या, आणि श्वास सापडला की माझ्याकडे नवऱ्याची तक्रार सुरू: "यायले दर्या पाहिजे. घरी बालटी भरली तं नळ बंद कराची आठवन नाही राहत." पण बरणी मात्र भरत राहायच्या.

शेवटी काका मला घेऊन शहरातल्या व्हिसाच्या एजंटाकडे गेले. त्यानं पेन्शन धरली, लोणचं धरलं आणि मान हलवली. दोघांचं जमत नव्हतं. मग काकांचा उतरलेला चेहरा बघून त्यानं तोडगा काढला, "अंकल, आपके अकेले का तो आराम से हो जाएगा. आप पहले निकल जाइए, आंटी को बाद में देख लेंगे."

काका उठले. फुलाफुलांचा शर्ट त्यांनी नीट खाली ओढला.

"खोकते ती," ते म्हणाले, "अन् हवा खायले मी जाऊ?"

एजंटाला मराठी समजलं नाही. मला समजलं, आणि मग सगळंच समजलं, घमेल्यासकट.

परतताना ऑटो बीरगांवात शिरल्यावर काका म्हणाले, "तिले सांगू नको, भैया. तिच्यासाठी म्हटलं तं ती उंबरठा नाही ओलांडत. माही हौस हाय म्हनून लोणचं घालून राहिली."

माझी नोकरी नवा रायपुरात, कारखान्यांपासून दूर वसवलेल्या नव्या शहरात. तिथं मी त्यांना दोन खोल्या भाड्यानं पाहून दिल्या. व्हिसा येईपर्यंत इथं परदेशात राहायची सवय करू, अशी थाप काकांनी ठोकली. "रस्ता पाहा केवढा, अन् त्याच्यावर मानूस दिसते का? पुरा फारेन." काकू कुरकुरत, बरण्या मांडीवर घेऊन गेल्या.

परवा जेवणाच्या सुटीत मी त्यांच्याकडे डोकावलो. काका फुलपँटमध्ये होते. घमेल्यात तुळस लावलेली. आतल्या खोलीत काकूंचा डोळा लागला होता. बाहेर मे महिना, आणि काकांनी मला बसवून चक्क पंखा बंद केला.

"ऐक," आतल्या खोलीकडे बोट करून ते कुजबुजले.

मी कान दिला. घाम मानेवरून पाठीत उतरला.

"काहीच ऐकू नाही येत, काका."

"हव," काका खुशीत मान डोलावत म्हणाले, आणि पंखा न लावता तसेच ऐकत बसले.