चिठ्ठीकाकांचे उच्चार

वाचनालयाच्या मुख्य ग्रंथपाल असलेल्या मोठ्या बाईंनी चिठ्ठीकाकांना आपल्या खोलीत बोलावून सांगितलं, की येत्या शनिवारी विश्वस्तांच्या बैठकीत नव्या संगणकांची माहिती त्यांनी द्यायची आहे, आणि तीही तोंडी. पुढे बाई आपल्या निवृत्तीबद्दल आणि रिकाम्या होणाऱ्या खुर्चीबद्दल बरंच काही बोलल्या. ती खुर्ची आपल्याला मिळावी असं काकांना सहा वर्षं वाटत होतं; पण ‘तोंडी’ या शब्दापुढचं त्यांना धड ऐकूच आलं नाही.

त्यात त्यांचा दोष नव्हता. वाचनालयाचा सगळा कारभार एकाच लांबरुंद सभागृहात चाले आणि तिथे बाईंच्या राज्यात बोलायला बंदी होती. कर्मचारी एकमेकांना चिठ्ठ्या पाठवत. सहायक ग्रंथपाल म्हणून काकांनी बावीस वर्षांत इतक्या चिठ्ठ्या लिहिल्या की वाचकांनी त्यांचं नावच चिठ्ठीकाका ठेवलं. संगणक आले तेव्हा त्या विषयावरची दोन कपाटं त्यांनी वाचून संपवली. कुणाचं यंत्र अडलं की चिठ्ठी यायची, काका नेमका उपाय लिहून पाठवायचे आणि यंत्र मुकाट्याने चालू लागायचं. त्यांच्याइतकं त्यातलं कुणालाच कळत नव्हतं. फक्त त्यातला एकही शब्द त्यांनी आजवर उच्चारला नव्हता आणि कुणाच्या तोंडून नीट ऐकलाही नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची होती, आणि आता ती पाच विश्वस्तांसमोर उघडायची होती.

शिवाय खुर्चीला दुसरा उमेदवार होता. मासिक विभागातला हा माणूस संगणकाला फारसा हात लावत नसे, पण त्याच्याबद्दल बोलायचा मात्र झकास. जिन्यात उभा राहून तो कुणाशी बोलू लागला की काका वहीत डोकं घालून पुढे सरकत. आपणही काहीतरी बोलावं असं त्यांना वाटे, पण बोबडी वळे.

रात्रीच्या जेवणानंतर काकांनी घरी सराव सुरू केला.

“यंत्र हळू चालू लागलं, तर आधी त्याची कॅचे साफ करावी,” ते भिंतीकडे बघत म्हणाले.

त्यांची मुलगी इंजिनिअरिंगला होती. तिला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, कॅश. नुसतं कॅश.”

“अगं, शेवटी ई आहे. तो काय शोभेला ठेवलाय?”

“शोभेलाच.”

“आमच्याकडे कॅशे म्हणतात,” काकांची पत्नी म्हणाली. ती रुग्णालयात परिचारिका होती आणि तिथली यंत्रं बघणाऱ्या इंजिनिअरवर तिचा फार विश्वास होता. “तो कधी चुकायचा नाही हो.”

मायलेकींची जुंपली. काकांनी तेवढ्यात विषय बदलावा म्हणून विफीबद्दल विचारलं, आणि दोघी भांडण सोडून त्यांच्याकडे बघू लागल्या. वाय-फायला ते गेली बारा वर्षं मनातल्या मनात विफी म्हणत होते. घरात सगळे त्याला नुसतं नेट म्हणत, त्यामुळे उघडकीला आलं नव्हतं. काकांना तो शब्द आवडतही होता. शेजाऱ्यांच्या लाडक्या मांजरीचं नाव असावं तसा. त्या दिवशी तो गेला तो गेलाच, आणि काकांना त्याचं मनापासून वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुरुस्तीवाल्याला गाठलं. तो कॅच म्हणाला. मग काकांतला ग्रंथपाल जागा झाला. त्यांनी कोरी कार्डं घेतली आणि प्रत्येक उच्चाराला एक कार्ड केलं: वर शब्द, खाली उच्चार, मग तो कुणी केला, कधी केला, आणि तळाला ‘हेही पाहा’. त्यांना वाटलं, माहिती नीट लावली की सत्य आपोआप वर येईल. शुक्रवारपर्यंत अकरा शब्दांची त्रेचाळीस कार्डं झाली. राउटरचे चार उच्चार होते, त्यांपैकी दोन एकाच माणसाने, एकाच वाक्यात केले होते. विचारण्याआधी काकांना अकरा शब्द बोलता येत नव्हते. आता अकरा शब्द त्रेचाळीस प्रकारे बोलता येत नव्हते.

शनिवारी बाईंच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. शेजारी डॉक्टरीणबाई, मग उरलेले तिघे. मासिकवाला कोपऱ्यात, स्वच्छ शर्टात, आपली पाळी येण्याची वाट बघत बसला होता. काका उभे राहिले. वाचलं त्यांनी खूप होतं, पण आज काही आपण वाचत नाही, असं त्यांना स्पष्ट दिसत होतं.

सुरुवात बरी झाली. साठ हजार पुस्तकांच्या नोंदी यंत्रात आल्या, इथपर्यंत ते सांभाळून बोलले. मग ‘हा सगळा डेटा’ असं म्हणाले. डेटाच्या कार्डावर तीन जणांची नावं होती आणि डाटाच्या कार्डावर दोन, म्हणून त्यांनी तो निवडला होता.

“डाटा,” अध्यक्ष म्हणाले.

“डेटा बरोबर आहे त्यांचं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आमच्या परिषदेत कुणी डाटा म्हणालं तर लोक वळून बघतात.”

तिसरे विश्वस्त डॅटा म्हणत, आणि त्यांना परदेशी मुलाकडे सहा महिने राहून आल्याचा आधार होता. मासिकवाल्याने कोपऱ्यातून नम्रपणे सांगितलं, की तिन्ही चालतात, आपण कुठे उभे आहोत त्यावर आहे. अध्यक्षांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं आणि मान हलवली. ती मान हलली आणि खुर्ची आपल्या हातची निसटली, असं काकांना वाटलं.

“ते राहू द्या,” अध्यक्ष म्हणाले. “वाचकांची तक्रार आहे की दुपारनंतर यंत्रं रखडतात. का रखडतात ते सांगा.”

काकांना कारण पाठ होतं. ते कारण एकाच शब्दात होतं, आणि तो शब्द सी, ए, सी, एच, ई असा त्यांच्या डोळ्यांसमोर लख्ख उभा होता. त्यांनी खिशात हात घातला. घाई नडली. कार्डांचा गठ्ठा निसटून सगळ्या खोलीभर झाला, आणि पाचही विश्वस्त, चांगली माणसं असल्यामुळे, ती गोळा करायला वाकले.

अध्यक्षांनी हातातलं कार्ड वाचलं. मग दुसरं. मग सवयीने मोठ्याने वाचू लागले. “कॅशे. पत्नीच्या रुग्णालयातील इंजिनिअर, सोमवार. हेही पाहा: कॅच, दुरुस्तीवाला, मंगळवार, शिंकताना, म्हणून खात्री नाही.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “हा काय प्रकार आहे?”

काका कार्डं गोळा करायचे थांबले. लपवायला आता काहीच उरलं नव्हतं, त्यामुळे त्यांना एकदम हलकं वाटलं.

“साहेब, मला हे शब्द बोलता येत नाहीत,” ते म्हणाले. “लिहिता येतात. मी सगळं वाचून शिकलो. इथं बोलायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच पडलं. लोक मला हुशार समजत होते. एखाद्याने मला बोलायला लावलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.”

डॉक्टरीणबाईंनी खालचं कार्ड उचलून, वाचून, हळूच पर्समध्ये टाकलं.

“शब्द सोडा,” अध्यक्ष म्हणाले. “ती वस्तू काय आहे?”

“टेबल आहे, साहेब. वाचक सारखी सारखी मागतात ती पुस्तकं आपण कपाटात परत ठेवत नाही, जवळच्या टेबलावर ठेवतो. पटकन देता येतात. पण दुपारपर्यंत टेबलावर डोंगर होतो आणि मग त्यातलंच पुस्तक सापडत नाही. यंत्राचं तेच होतं. जेवणाच्या सुट्टीत टेबल आवरायचं, एवढंच.”

त्यांनी बाईंच्या टेबलावरच्या यंत्रावर चार कळा दाबून ते आवरून दाखवलं. यंत्र पळू लागलं. पाळी आल्यावर मासिकवाला वीस मिनिटं सुरेख बोलला. आता तुम्हीही आवरून दाखवा, असं अध्यक्षांनी म्हटल्यावर तो बराच वेळ पडद्याकडे प्रेमाने बघत राहिला.

बुधवारी काकांच्या टेबलावर पाकीट आलं. त्यांनी ते न फोडता घरी नेलं, बायको आणि मुलगी यांच्यासमोर उघडलं आणि मनातल्या मनात तीनदा वाचलं. डोळे भरून आले म्हणून चष्मा पुसला आणि चौथ्यांदा वाचलं. काळाबरोबर चालायचं म्हणून विश्वस्तांनी जुनं ‘मुख्य ग्रंथपाल’ हे पद मोडीत काढून नवं इंग्रजी नाव ठरवलं होतं: चार शब्द, लांबलचक, त्यातले तीन काकांच्या ओळखीचे, स्पेलिंगसकट.

“अहो, झालं ना तुमचं?” बायकोने विचारलं. “माझे दादा फोनवर थांबलेत. काय झालात म्हणून सांगू?”

काकांनी कागदाकडे बघितलं. पहिलं अक्षर जिभेवर आणलं आणि गिळलं.

“बढती झाली म्हणून सांग,” ते म्हणाले. “कशावर झाली, ते उद्या विचारून कळवतो.”