मोघेकाकूंचा नवा खुबा

पुढे कोणी चालताना दिसलं, की त्याला मागे टाकल्याशिवाय मोघेकाकूंना चैन पडत नाही. पोस्टमन असो, कुत्रा फिरवणारे आजोबा असोत, नाहीतर कानात गाणी लावून पळणारी एखादी पोरगी. काकू वेग वाढवतात, बाजूने सटकतात, आणि पुढे गेल्यावर मान वळवून अगदी गोड आवाजात ‘हालो’ म्हणतात. मी मागून धापा टाकत पोचले की म्हणणार, “हे तर काहीच नाही!”

जर्मनीत, झिंडेलफिंगेनमध्ये, त्या माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. सत्तरीला टेकल्यात. काका गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागले, तेव्हा त्यांच्याबरोबर आल्या. काका गेले, काकू इथेच राहिल्या. एकुलता एक मुलगा कॅनडात.

गेल्या वर्षी त्या जरा लंगडायला लागल्या. विचारलं की “आल्झो... म्हणजे, बूट चावतोय गं.” सहा महिने बूट चावत होता! मग एके दिवशी बेकरीसमोर, चाकांचा वॉकर ढकलणाऱ्या एका आजीबाईंनी काकूंना मागे टाकलं. शिवाय मान वळवून ‘हालो’ही म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काकू स्वतःहून डॉक्टरकडे निघाल्या. डाव्या खुब्याचा सांधा पार झिजला होता, हाडावर हाड घासत होतं. सांधा बदलायचं ठरलं.

शस्त्रक्रियेआधी सर्जनने विचारलं, “बरं झाल्यावर तुम्हाला काय करायचंय, फ्राऊ मोघे?”

“यूबरहोलेन,” काकू ठसक्यात म्हणाल्या. म्हणजे ओव्हरटेक.

जर्मनमध्ये या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे: यंत्र खोलून दुरुस्त करणं. सर्जन हसत म्हणाला, “ते आधी आम्ही करतो. मग तुम्ही करा.”

“मुलाला कळवलंत ना?” मी वॉर्डात विचारलं.

“कळवते गं. कामात आहे तो,” म्हणून त्यांनी विषय बदलला.

पुढे रेहामध्ये, म्हणजे बरं होईपर्यंत व्यायाम करून घेतात त्या केंद्रात, मी भेटायला गेले. मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली वाकायचं नाही, असं बजावलेलं. “मग ब्राह्मणाच्या बाईने जेवायचं कसं?” काकूंनी विचारलं होतं म्हणे. गेली कित्येक वर्षं त्या टेबलावरच जेवतात.

कॉरिडॉरमध्ये काकू कुबड्यांवर टकटक करत चालल्या होत्या. पुढे एक उंचेपुरे आजोबा, तेही कुबड्यांवर. काकूंचा वेग वाढला.

“फ्राऊ मोघे!” थेरपिस्ट ओरडली. “ही शर्यत नाहीये!”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” काकू म्हणाल्या. “पण ते हरतायत!”

आजोबांनी हार मानून कुबडीने सलाम ठोकला.

वसंतात काकूंनी फर्मान काढलं: आल्बच्या डोंगरावरचा पडका किल्ला चढायचा. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, दोन काठ्या घेऊन. चढाला लागलो आणि काकू सुटल्या. एक जोडपं मागे पडलं, मग एक शाळेची सहल, मग मी. दर वळणावर वरून ‘हालो’ ऐकू येत होतं.

मी वर पोचले तेव्हा काकू तटाच्या भिंतीवर बसून मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या. त्याच्या खांद्यावर तान्हं बाळ झोपलं होतं.

“...ठणठणीत आहे रे आता. किल्ला चढून आलेय.”

“ऑपरेशन झालं, आई? आणि मला आज सांगतेस?”

“तेव्हा सांगितलं असतं, तर तू धावत आला असतास. सूनबाईला अंथरुणातून उठायची मनाई होती. तू तिथे हवा होतास.”

पडद्यावर त्याने बाहीने डोळे पुसले.

“रडू नकोस, वेड्या. बाळ उठेल,” काकू म्हणाल्या, आणि झटकन फोन दरीकडे फिरवून त्याला डोंगर दाखवू लागल्या. “बघ, केवढं दिसतंय इथून!”

त्यांचा चेहरा फक्त मला दिसत होता.