अक्कांचं दूध करपतं तेव्हा

करपणाऱ्या दुधाचा वास आधी गोड असतो. जिना चढून तो आमच्या उंबऱ्यापाशी येतो तेव्हा त्यात क्षणभर खरवसाची आठवण असते, मग कडवटपणा उतरतो आणि माझे पती वर्तमानपत्रामागून म्हणतात, "वहिनी ऑनलाइन आल्या."

कोपरखैरण्यातल्या आमच्या बैठ्या घरावर यथावकाश दोन मजले चढले. तळमजल्यावर माझ्या थोरल्या जाऊबाई, अक्का, राहतात, वर आम्ही. त्यांना मूलबाळ नव्हतं, मोठे दीरही गेले. तेव्हापासून अक्का एकट्या आणि त्यांचा फोन. त्यांना त्यावर ना गाणी लागतात, ना रेसिपी, ना देवदर्शन. त्या फक्त पाहतात, कोण ऑनलाइन आहे आणि शेवटचं कधी होतं. दूध गॅसवर ठेवून एकेक नाव उघडायचं. नावाखाली तो शब्द उमटला की म्हणायचं, "दिवा लागला," आणि पुढच्या नावाकडे वळायचं.

एवढ्या सामग्रीवर त्या साऱ्या गोतावळ्याचं पंचांग मांडतात. जासईची नणंद दुपारी तीनला दिसली नाही, तर ती रुसलेली असते. रबाळ्याच्या कारखान्यातला भाचा जेवणाच्या सुट्टीबाहेर दिसला, तर मशीन बंद पडलेलं असतं. मागच्या श्रावणात सत्यनारायणाला गुरुजी तासभर उशिरा आले. "आधीची पूजा लांबली," म्हणाले. चौरंगाला केळीचे खुंट बांधता बांधता अक्कांनी विचारलं, "नऊ-बावीसला दिवा लागला हुता तुमचा. कथा फोनवरनं सांगत हुता का?" त्या दिवशी गुरुजींनी पाचही अध्याय फार सावकाश वाचले.

या साऱ्याला मी आजही मोकळेपणी हसले असते. पण मधे ईरा आली.

ईरा माझी मुलगी. नोकरीसाठी ती बंगळुरूला गेली, आणि तिच्या नावाखाली दिसणाऱ्या वेळेचा मी पुराव्यासारखा वापर करू लागले. "अकरा मिनिटांपूर्वी होतीस, मग फोन का नाही उचललास?" असं तीन-चार महिने चाललं. एके दिवशी ती जागा कोरी झाली. भांडण झालं नाही. तेवढी सोयही तिनं माझ्यासाठी ठेवली नाही. आता रविवारी तिचा फोन येतो, पाहुण्यांनी खुर्चीच्या कडेवर बसून बोलावं तसा.

ती जागा कोरी झाली त्याच आठवड्यात मी धुतलेले कपडे घेऊन गच्चीकडे निघाले होते. जिन्याच्या तळाशी उभ्या राहून अक्का सहज म्हणाल्या, "ईरी उठली गं. सात-दहाला."

हातातल्या चादरीचं पाणी माझ्या पावलांवर ठिबकत राहिलं. तिनं वेळ जगापासून लपवली नव्हती. माझ्यापासून लपवली होती.

मत्सराला चव असते. ती जिभेच्या मागच्या अंगाला राहते, करपलेल्या सायीसारखी. रोज सकाळी अक्कांची वार्ता येई, "उठली," "आज उशिरानं उठली, सुट्टी आसंल." जिच्या जावळाचा वास मला अजून डोळे मिटून ओळखता येतो, तिची सकाळ मी दुसरीच्या तोंडून ऐकत होते. मला वाटे, दोघी गुपचूप बोलत असणार. माझ्याचविषयी बोलत असणार. अक्कांनी फोनला नवं कव्हर घातलं, जांभळं. ईराचा आवडता रंग. मला तेवढंही पुरलं.

असे सहा महिने गेले, आणि एका सकाळी मी जिन्यातूनच म्हणाले, "अक्का, माझ्या मुलीच्या बातम्या मला तुमच्याकडून नकोत."

"बरं, धाकटे," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

शब्दाच्या पक्क्या. दुसऱ्या दिवशी दूध करपलं. जिन्यातून शब्द आला नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. वास आला की मला कळे, त्या पाहताहेत, त्यांना ठाऊक झालंय, आणि मला नाही. चौथ्या दिवशी मी धावत खाली गेले. निमित्त दुधाचं होतं.

पातेलं धुमसत होतं. मी गॅस बंद केला. अक्का ओट्याला टेकून उभ्या, फोन नाकाशी. त्यांच्या खांद्यावरून मी पाहिलं. वर ईराचं नाव, आणि खाली पडदा कोरा. एक अक्षर नाही, ना इकडून, ना तिकडून. ज्या गप्पांवर मी सहा महिने जळले, त्या कधी झाल्याच नव्हत्या.

"तुम्ही तिला कधी काहीच लिहिलं नाही?"

"लिवलं की इचारल्यासारकं होतं," अक्का म्हणाल्या. "मग ती माजीबी खिडकी लावून घेईल. मग सकाळचं म्या कुनाकडं बगू?"

मी उलथनं घेतलं आणि पातेल्याचा तळ खरवडू लागले. खोटं कशाला बोलू, त्या कोऱ्या पडद्याचाही मला हेवा वाटत होता.

"अजून न्हाय," अक्का पुटपुटल्या. मग दिलेला शब्द आठवून त्यांनी तोंडावर पदर धरला.

माझा हात थांबला. वळून पाहण्याचं धैर्य झालं नाही.

"सांगा की, अक्का," मी भिंतीकडे पाहत म्हणाले.

पातेल्यातून शेवटची वाफ निघून गेली, बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू केली. आणि मग माझ्या पाठीमागून, जणू त्या खोलीत कोणी झोपलेलं होतं आणि त्याची झोपमोड होऊ नये अशा हलक्या आवाजात, अक्का म्हणाल्या,

"उठली."