मिटलेली छत्री

भर पावसात छत्री मिटून उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. छत्री फाटकी नव्हती, काडीही मोडलेली नव्हती. डोंबिवलीच्या रेल्वे फाटकाशी नरहरकाका ओलेचिंब होऊन उभे असायचे आणि मिटलेली छत्री दोन्ही हातांनी आडवी धरलेली असायची. मिटलेली छत्री म्हणजे थांबा. उघडलेली छत्री म्हणजे या. मग आभाळातून काय पडतंय याच्याशी काकांना कर्तव्य नसे.

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. रुळांच्या पलीकडच्या शाळेत मला मास्तरणीची नोकरी लागली होती आणि अलीकडे काकांच्याच चाळीत मी खोली घेतली होती. मी मुळात भित्री. पाल, कुत्रा, विहीर, शाळातपासणीचे साहेब, सगळ्यांना सारख्याच श्रद्धेने घाबरायची. त्यात रोज दोनदा रूळ ओलांडायचे. चाळीत माझ्याहून भित्रं कुणी असेल असं मला वाटलं नव्हतं. पण काका होते. फक्त ते स्वतःसाठी घाबरत नसत, दुसऱ्यांसाठी घाबरत.

आमच्या चाळीला दोन जिने होते. पहिल्याच दिवशी मी डाव्या जिन्याने वर चढू लागले तेव्हा वरून आवाज आला, "मास्तरीणबाई, मागे फिरा! हा उतरायचा. चढायचा तो उजवा!" मी घाबरून सामानासकट मागे फिरले. चाळीच्या सत्यनारायणाला पंगतीतसुद्धा त्यांनी वाढप्यांना एका टोकाने आत आणि दुसऱ्या टोकाने बाहेर जायला लावलं होतं. एका वाढप्याने ऐकलं नाही. तो उलट्या बाजूने कढी घेऊन आला आणि समोरून येणाऱ्या जिलब्यांवर आदळला. कढीत भिजलेल्या जिलब्यांकडे बोट दाखवून काका म्हणाले, "बघा! एक पट्टी मोकळी म्हणजे दोन्ही मोकळ्या नव्हेत!"

हे त्यांचं पालुपद होतं. त्याचा अर्थ त्यांनी मला एकदा माझ्याच खोलीत समजावला. लढाईच्या काळात ते आसामातल्या एका मोठ्या विमानतळावर दिवा दाखवायच्या कामावर होते. त्यांनी माझ्या दोन फूटपट्ट्या जमिनीवर शेजारीशेजारी ठेवल्या.

"ही लांबची पट्टी विमानं उतरायची. ही जवळची उडायची. का? तर एकच पट्टी असली की उतरणाऱ्यासाठी उडणाऱ्याला खोळंबावं लागतं. दोन असल्या की दोन्ही कामं एकदम चालतात. पण शेड अलीकडे. म्हणजे उतरलेल्या विमानाला उडायची पट्टी ओलांडून यावं लागणार. मधे एक रेघ असते, तिथे थांबायचं. मी हिरवा दिवा दाखवला की पार व्हायचं. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. मला खरंच कळलं होतं.

मग त्यांनी त्या दोन पट्ट्यांच्या मधे एक खडू ठेवला. "हा जोसेफ. माझा दोस्त. सायकलवरून अवजारं घेऊन यायचा. त्या दिवशी धुकं होतं. समोरून एक विमान उडून गेलेलं मी पाहिलं आणि हिरवा दाखवला. त्याच्या पाठोपाठ दुसरं सुटलं होतं, ते मला दिसलं नाही." त्यांनी खडू उचलला आणि माझ्या हातात दिला. "चूक माझी होती. तो माझ्या दिव्याकडे बघून निघाला होता."

मी चहा टाकला.

लढाई संपल्यावर काका डोंबिवलीत आले, तर इथेही दोन रूळ शेजारीशेजारी आणि माणसं आरपार चाललेली. फाटक पडलं तरी लोक बाजूच्या फटीतून शिरायचे आणि एक गाडी गेली की पळत सुटायचे. काकांना ते पाहवेना. आपल्या नजरेसमोर पुन्हा कुणी जाता कामा नये, एवढीच त्यांची मागणी होती. सुरुवातीला ते लाल आणि हिरवं फडकं घेऊन उभे राहिले. फाटकवाला धर्मा शेजारच्या कोपर गावचा. तो चिडायचा, "काका, सरकारनं झेंडा मना दिलाय, तुमाला नाय!" मग एके दिवशी काकांचं लाल फडकं पाहून मेल थांबली. रेल्वेचे साहेब आले, फडकी जप्त झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून काका छत्री घेऊन आले. छत्रीवर कायद्यात काही तोड नव्हती.

लोक हसायचे आणि त्या छत्रीकडे न बघता निघून जायचे. नेमाने ऐकणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि काकांची बायको, इंदूकाकू. काकू रोज सकाळी पलीकडच्या मारुतीला जायच्या आणि दुपारी माझी शाळा सुटायच्या सुमाराला परत यायच्या. रुळांपलीकडे काकांनी चुन्याने एक रेघ मारली होती, त्या रेघेशी काकू थांबत. काका छत्री उघडत. काकू सावकाश येत आणि त्या अलीकडे पोचल्या की काका मोठ्याने म्हणत, "पार!" मगच घरी जाऊन जेवण.

थंडीतल्या एका सकाळी खाडीकडून दाट धुकं आलं होतं. शाळेत तपासणी होती आणि मला उशीर झाला होता. समोरून मालगाडी धडधडत गेली. तिचा शेवटचा डबा जाताच मी पाऊल टाकलं. छत्री मिटलेली होती, ती मी पाहिली होती. तपासणीचे साहेब मला गाडीपेक्षा मोठे वाटले, खोटं कशाला सांगू.

"थांबा!" असा आवाज आला. तो काकांचा आहे हेसुद्धा मला ओळखू आलं नाही. मी दोन रुळांच्या मधे जागच्या जागी थिजले. त्याच क्षणी पलीकडच्या रुळावरून मेल माझ्या हाताच्या अंतरावरून गेली. तिचा वारा अजून माझ्या अंगावर येतो. डबे संपेनात. ती गेल्यावर मी मागे वळून पाहिलं, तर काका खडीत बसले होते आणि छत्री त्यांच्या मांडीवर होती. ते मला रागावले नाहीत.

त्यानंतर मी फाटकाकडे फिरकले नाही. स्टेशनच्या पुलाचा लांबचा वळसा पत्करला. जिन्यात भेटलो तर काका खाली बघून जात. एकदा मी डाव्या जिन्याने चढले, मुद्दाम. त्यांनी हटकलंसुद्धा नाही. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

पुढे काकूंचे गुडघे धरले आणि त्यांचं मारुतीला जाणं बंद झालं. मी त्यांना पाहायला गेले तेव्हा काका घरात नव्हते.

"फाटकावर गेलेत," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, मी इथे पलंगावर आहे, तुम्ही कुणाला छत्री दाखवणार? म्हणाले, कुणी येईल." मग त्या गुडघे चोळत म्हणाल्या, "अगं, मारुती काय, अलीकडेही आहे. पण रोज एक तरी माणूस सुखरूप आणल्याशिवाय ह्यांना घास उतरत नाही. म्हणून मी पलीकडच्याला जायची."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पुलावर चढले आणि अर्ध्यातून खाली पाहिलं. दूर फाटकाशी काका उभे होते. लोक त्यांच्या अंगावरून येत-जात होते. रूळ मोकळे झाले की काका छत्री उघडत, तिच्याकडे बघणारं कुणी नसे, मग पुन्हा मिटत. असं तीनदा झालं. मग पूल उतरून परत खाली आले आणि रुळांच्या कडेने पलीकडच्या बाजूने फाटकापर्यंत गेले. रेघेशी उभी राहिले.

काकांनी मला पाहिलं. छत्री आडवी झाली.

एक लोकल गेली. आजूबाजूचे सगळे निघाले. छत्री मिटलेलीच. मी हलले नाही. मग दुसऱ्या रुळावरून गाडी धडधडत आली आणि गेली. काकांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं आणि छत्री उघडली. मी नजर त्या काळ्या कापडावरून न हलवता चालत आले.

"पार," काका म्हणाले. मग त्यांनी नेहमीसारखं मोठ्याने पुन्हा म्हटलं, "पार!"

"पूल बंद आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही. चालू आहे."

उन्हानं डोकं तापेल म्हणून काकांनी ती उघडी छत्री माझ्यावर धरली आणि आम्ही चाळीपर्यंत तसेच आलो.

जिन्यापाशी आल्यावर त्यांनी छत्री मिटली. "मास्तरीणबाई, चढायचा तो उजवा," ते म्हणाले. "आणि उद्या शाळा कितीला सुटते?"